कानोशाने दिलेली तारीख

सोमवारी दुपारच्या जेवणापर्यंत मी बोलत नाही. नेम जुना आहे, आईकडून आलेला. अंटार्क्टिकात तो पाळणं चिपळूणपेक्षा सोपं, कारण इथे दाराशी कुणी येत नाही. कसरत होते ती बाकीच्या नेमांची. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, मग सांजवात लावायची कधी? मी घरच्या वेळेवर लावते, तीही विजेची, कारण कॅम्पात उघड्या ज्योतीला बंदी आहे. संकष्टीचा चंद्र तर कधी कधी आठवडाभर क्षितिजावर डोकावतसुद्धा नाही. आमचे डॉक्टर मुकादम म्हणतात, "ताई, चंद्र रजेवर आहे असं समजा आणि जेवून घ्या. तुमची शुगर रजेवर जात नाही."

वारुणीने केपटाऊनच्या सहल कंपनीबरोबरची बैठक नेमकी सोमवारी सकाळी ठेवली. वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या बाईला माझा सोमवार माहीत नाही, असं होणार नाही. पण हे माझ्या लक्षात आलं ते पडद्यावर अद्वैतचा चेहरा उमटल्यावर.

आधी वारुणीबद्दल सांगते. वारुणी घोरपडे. कमरेला घसरगाडी बांधून, स्कीवरून एकटी दक्षिण ध्रुवाला जाऊन आली. डाव्या पायाची दोन बोटं गमावून परतली आणि त्यानंतर भाषणं देत फिरण्याऐवजी तिने अकादमी काढली. दर उन्हाळ्यात देशभरातली पंचवीसेक तरुण मुलंमुली इथे आणायची, बर्फावर राबवायची, आणि परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या गावचं तळं, डोंगर, खाडी, काहीतरी एक अंगावर घ्यायचं. तिचं एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे: बर्फ बघितलेला माणूस घरी जाऊन गप्प बसत नाही. आणि खरंच, तिची मुलं गप्प बसली नाहीत. कितीतरी तळी त्यांच्यामुळे जिवंत आहेत. कोल्हापूरला हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत होतो. तेव्हापासून मी तिची कुमी. "तुला तारांतलं कळतं, मला बर्फातलं कळतं, चल," एवढं बोलून तिने मला इथे आणलं.

तारांतलं म्हणजे कानोसा. आमच्या यंत्राचं नाव.

हिमनदी डोंगरावरून उतरते आणि समुद्रात लांबवर जिभेसारखी पुढे येते. तिच्या आडोशाला उपसागरात समुद्राचं पाणी गोठून राहतं, कारण बाहेरच्या लाटा आत पोचत नाहीत. त्या गोठलेल्या पाण्यावर सम्राट पेंग्विन पिल्लं वाढवतात. जीभ तुटली की आडोसा गेला, आडोसा गेला की उपसागर फुटला. जीभ कधी तुटेल हे पूर्वी कुणालाच सांगता येत नसे. आम्ही तिच्या अंगावर काचेच्या धाग्याची केबल अंथरली. केबलमधून प्रकाशाचे ठोके सोडायचे. बर्फ केसाएवढा जरी ताणला, तरी परत येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो, आणि मग केबलचा प्रत्येक हात-दोन हात लांबीचा तुकडा म्हणजे एक कान होतो. बर्फावरून वारा वाहताना बर्फ गुणगुणतो. आपल्याला ते ऐकू येत नाही इतका खालचा तो सूर असतो. ऊन लागून वरचा थर ओलसर झाला की सूर उतरतो. आतल्या भेगा कडकडतात तो आवाज निराळा. अनेक हिवाळे-उन्हाळे ऐकून ऐकून यंत्र इतकं तयार झालं की जीभ कोणत्या आठवड्यात तुटेल ते सांगू लागलं. आणि ते खरं ठरू लागलं.

आम्हाला वाटलं होतं, तारीख कळली की जग घाबरेल. हातात तारीख असल्यावर माणूस काहीतरी करतो, असा आमचा समज होता. जगाने तिकिटं काढली.

हिमजीभ कोसळताना बघायची सहल. जहाजाच्या डेकवर गरम सूप, हातात दुर्बीण. विमा कंपन्यांनी अट घातली की जिभेच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे कानोशाचं सही केलेलं पत्रक हवं. ती सही माझी. म्हणजे ज्या गोष्टीचा मला वैताग, तिला परवाना मीच देत होते.

गेल्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या एका जिभेची तारीख आम्ही दिली. जहाजं आली. लांब थांबू असं सगळ्यांनी कबूल केलं होतं, पण मागच्याला पुढचा आडवा येतो, म्हणून एकेक जण गोठलेलं पाणी फोडत आत सरकला. त्या फोडलेल्या वाटांतून लाटा आत शिरल्या. जीभ आमच्या तारखेच्या बरीच आधी तुटली. पेंग्विनच्या पिल्लांच्या अंगावर तेव्हा राखाडी लव होती. लव पाणी पिते. पिसं आल्याशिवाय पिल्लाला पोहता येत नाही. यापलीकडे मी त्याबद्दल बोलत नाही.

यंदा आमच्या कॅम्पसमोरच्या जिभेची पाळी होती. कानोसा म्हणत होता, जानेवारीचा पहिला आठवडा. पिल्लांची लव डिसेंबरअखेर झडते. म्हणजे जमत होतं, अगदी थोडक्यात, पण जमत होतं. मधे कुणी आलं नाही तर.

रविवारी स्वयंपाकघरात मी पोहे परतत होते. वारुणी आली आणि कट्ट्याला टेकून उभी राहिली.

"कुमे, पत्रकात फेब्रुवारी लिही."

"काय लिहू?"

"फेब्रुवारीचा मध्य. महिना-दीड महिना पुढं. जहाजं दुसरीकडं जातील. पिल्लं सुटतील. झालं."

"आणि जानेवारीत कुणी बेसावध इथे असलं तर?"

"कोण कशाला येतंय? बघायला काही नाही म्हटल्यावर कुत्रं फिरकत नाही."

"मी खोटी सही करणार नाही, वारू."

"खोटं कुठं आहे त्यात? अंदाज आहे. अंदाज चुकत नाही का?"

"चुकणं वेगळं."

"तुझं सगळं सोवळ्यात," ती म्हणाली. "पिल्लं मेली तरी चालतील, पण तुझी जीभ विटाळायला नको."

मला राग येतो तेव्हा माझा आवाज आणखी बारीक होतो, त्यामुळे राग आला आहे हे कुणाला कळत नाही. मी बारीक आवाजात म्हटलं, "पोहे गार होतायत." तिने बशी घेतली नाही. एवढंच आमचं भांडण.

आणि दुसऱ्या दिवशी बैठक.

अद्वैत निमकर तीन जहाजांच्या सहलींचा प्रमुख. मुलगा वाईट नाही. अकादमीच्या दुसऱ्या तुकडीतला, वारुणीच्या हाताखालचा. तिच्यासारखाच सातारकर असल्यामुळे तिच्याशी त्याचं लगेच जमलं होतं. माझ्या हातचं थालीपीठ खाऊन तो मला मावशी म्हणू लागला होता.

"नमस्कार मॅडम. मावशी, नमस्कार. अरे, आज सोमवार ना. बरं बरं, तुम्ही नुसतं बसा."

वारुणीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "कानोसा फेब्रुवारी म्हणतोय. मध्याच्या सुमारास."

"नक्की?"

"नक्की."

"मावशींची सही?"

"येईल की. आज बोलत नाही, एवढंच."

मी गप्प बसले होते, नेमाप्रमाणे. माझ्या गप्प बसण्यावर वारुणीने आपली फेब्रुवारीची तारीख उभी केली होती. मला वाटलं, जेवण झाल्यावर बोलू. तोवर काय होणार आहे? मग अद्वैत हसला. मनापासून हसला.

"मॅडम, ही तर फारच चांगली बातमी. म्हणजे सबंध जानेवारी बर्फ पक्का. मग आम्ही बाहेर कशाला थांबतो? नव्या वर्षाच्या आठवड्यात जहाजं आत घेतो आणि माणसं बर्फावरच उतरवतो. पिल्लांच्या शेजारून फेरी, एक छोटा तंबू, फोटो. तुटताना बघण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. शैक्षणिकही."

वारुणी खुर्चीत ताठ झाली. "आत नको आणू."

"का? बर्फ पक्का आहे ना?"

"पक्का आहे, पण..."

"तुम्हीच शिकवलंय मॅडम. बर्फ बघितलेला माणूस घरी जाऊन गप्प बसत नाही. मी तीनशे माणसांना बर्फ दाखवतोय. तुम्ही पंचवीस पोरांना दाखवता. आपलं काम एकच."

हा टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तो टोमणा नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. डॉक्टर मुकादम कोपऱ्यात बसले होते, त्यांनी चष्मा काढून हातात धरला. वारुणीला आता मागे फिरता येत नव्हतं. फेब्रुवारीची तारीख खोटी म्हटलं तर ती स्वतः खोटी ठरत होती, खरी म्हटलं तर तीनशे माणसं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच बर्फावर उभी राहणार होती.

मी देवाचं नाव घेतलं आणि बोलले. सकाळपासून न वापरलेला आवाज, तो घोगरा निघाला.

"अद्वैत, ती तारीख खरी नाही."

पडद्यावरचा अद्वैत म्हणाला, "मावशी, तुम्ही बोललात."

"बोलले. कानोसा जानेवारीचा पहिला आठवडा म्हणतोय. माणसं बर्फावर उतरवू नकोस."

मग त्याचा धंद्याचा आवाज परत आला. "ठीक आहे. मग आधीचाच बेत. लांबून बघतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं पत्रक द्या."

"ते देता येत नाही."

"का? तारीख तर आहे."

"तारीख आहे ती तुम्ही आला नाहीत तर. कानोसा बर्फाचं ऐकतो. तुझी जहाजं किती येतील, कुठवर शिरतील, कोण कुणाच्या पुढे जाईल, ते त्याला ऐकू येत नाही. गेल्या वर्षी मी सही केली ती याच समजुतीवर की तुम्ही लांब थांबाल. ती सही चुकली. तुम्ही येणार असाल तर माझ्याकडे तारीख नाही. आणि तारीख नाही तर पत्रक कसलं देऊ?"

"हे आमच्या जहाजांपुरतं?"

"सगळ्यांना."

त्याने अगदी सौम्यपणे विचारलं, "मॅडमच्या मुलांच्या जहाजालासुद्धा?"

हे मला सुचलंच नव्हतं असं म्हणता येणार नाही. सुचलं होतं, आणि मी ते बाजूला सारत होते. अकादमीची नवी तुकडी केपटाऊनला येऊन बसली होती. त्यांचं जहाजही याच उपसागरात येणार, त्यालाही पत्रक लागणार. मी वारुणीकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी. हॉस्टेलमध्ये रेक्टर समोर असताना अशीच हलवायची.

"हो," मी म्हटलं. "त्यांनासुद्धा."

वारुणीने पडदा बंद केला.

"पोरं बॅगा भरून बसलीत, कुमे."

"माहीत आहे."

"त्यांचं जहाज बर्फ फोडत नाही. लांब थांबतं, होड्यांतून उतरवतं."

"त्याला पत्रक दिलं की अद्वैतला का नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"सांगायचं, आम्ही चांगले आहोत म्हणून."

"त्यालाही तसंच वाटतं, वारू."

ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. लंगडत चालते, रागात असली की जास्त. "तुझ्या देवाने सांगितलं का हे? मौन मोडायचं, आणि मोडायचं तर माझ्याच गळ्यावर?"

"देवाला विचारलं नाही. मौन मोडलं त्याचा उपास करीन उद्या. पण बैठक सोमवारी सकाळी ठेवली कुणी?"

डॉक्टर म्हणाले, "जेवायची वेळ झाली." कुणीच जेवलं नाही.

पुढचे आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं फार नाही. पत्रक नाही म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून एकही जहाज आलं नाही. अकादमीची मुलं केपटाऊनहून परत गेली. त्यातल्या एका मुलीने वारुणीला लिहिलं की तिने या सहलीसाठी नोकरी सोडली होती. वारुणीने ते पत्र मला वाचून दाखवलं नाही. डॉक्टरांना वाचून दाखवलं, मी शेजारी बसलेली असताना. ज्या संस्थेकडे कानोशाची मालकी होती तिने माझ्याकडे खुलासा मागितला, आणि खुलासा मिळाल्यावर कळवलं की पुढल्या हंगामापासून सहीचं काम दुसऱ्या कुणाकडे जाईल. म्हणजे मी एकच उन्हाळा अडवला होता. एवढंच माझ्या हातात होतं आणि तेवढ्यासाठी मी माझ्या मैत्रिणीचं आयुष्यभराचं काम मोडलं होतं. जप करताना मन लागेना. माळ फिरायची आणि मी मनातल्या मनात अद्वैतशी भांडत असायची, मग वारुणीशी, मग स्वतःशी.

जेवताना वारुणी म्हणायची, "डॉक्टर, त्यांना सांगा मीठ द्यायला."

"मी हाडांचा डॉक्टर आहे," मुकादम म्हणायचे. "निरोप पोचवायचं शिक्षण घेतलेलं नाही." मग मीठ स्वतःच द्यायचे.

मी रोज कानोशाचा सूर बघायचे आणि दुर्बिणीतून पिल्लं. एक दिवस वारा सुटला आणि बर्फावरून राखाडी पुंजके उडत आले. चैत्रात सावरीचा कापूस उडतो ना, तसे. लव झडू लागली होती. मी दुर्बीण वारुणीच्या खोलीच्या दाराशी ठेवली आणि निघून आले. संध्याकाळच्या वेळेला ती परत माझ्या टेबलावर आलेली होती, काच पुसून.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, लख्ख उन्हाच्या दुपारी, सूर एकदम खाली उतरला. मी दोघांना हाक मारली आणि आम्ही खडकावर जाऊन उभे राहिलो.

जीभ तुटली ती आवाज न करता. म्हणजे आवाज आला, पण नंतर, आणि छातीत आला, कानात नाही. बर्फाचा एक डोंगर आपल्या जागेवरून हळूच वळला, जसा कुणी झोपेत कूस बदलतो. मग उपसागरावर रेघा उमटल्या. रेघांचं पाणी झालं. पिल्लं कडेला जमली होती, मागची पुढच्यांना ढकलत होती आणि पुढची मागे सरत होती. बराच वेळ कुणीच उडी घेईना. मग एक पडलं. घेतली ती उडी नव्हे, ते पडलंच. बुडालं, आणि लांबवर बुडबुडा यावा तसं वर आलं. मग दुसरं, मग सगळी धावली. काळीपांढरी, ओली, चकाकणारी. पोहत होती.

सगळी नाही. काहींच्या पाठीवर अजून लवेची ठिगळं होती. ती तुटलेल्या तुकड्यांवर उभी राहून तरंगत बाहेर गेली. त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. मी हात जोडले होते आणि तसेच राहिले.

वारुणी फोनवर चित्रण करत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हात न हलू देता. सराईत बाई. गालांवर पाणी गोठत होतं, ते तिने पुसलं नाही.

आत आल्यावर ती माझ्यासमोर बसली. कितीतरी दिवसांनी.

"हे जगाला दाखवायला हवं."

मी काही म्हटलं नाही.

"कुमे, बोल की. आज सोमवार नाही."

"दाखवलंस की लोक येतील."

"न दाखवलं तर कुणाला पत्ताच लागणार नाही की वाचली. मग कोण कशाला वाचवेल दुसरी?"

"माहीत नाही, वारू. मला दोन्हीकडून भिंतच दिसते."

"मलाही." ती पाय चोळत बसली. "पंचवीस वर्षं मी लोकांना सांगितलं, बघा. बघायला या. आता त्यांना कसं सांगू, बघू नका म्हणून? मला दुसरं काही येतंच नाही."

"जागेचं नाव घालू नकोस."

"बरं."

तिने नाव घातलं नाही. खाली चार ओळी लिहिल्या, बर्फ कशाने वितळतोय आणि घरी बसून काय करता येईल याबद्दल. चांगल्या ओळी होत्या, मीच एक दुरुस्त केली. तिने ते पाठवलं. डॉक्टरांनी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत लाखो लोकांनी बघून झालं होतं.

पहिला ओळखीचा निरोप अद्वैतचा आला. वारुणीने वाचला आणि फोन माझ्या हातात दिला.

"मॅडम, अप्रतिम. डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या ऑफिसने उभं राहून बघितलं. मावशींनी अडवलं ते बरोबरच होतं, त्यांना सांगा. पश्चिमेकडच्या जिभेची तारीख काय आहे?"

पश्चिमेकडच्या जिभेवरही आमची केबल होती. तिचा सूर मला पाठ होता. मी फोनवर लिहिलं, "मी मावशी बोलतेय. तुम्ही कुणी आला नाहीत तर खूप वर्षं तुटणार नाही."

"पाठवलंस?" वारुणीने विचारलं.

"पाठवलं."

"खरं आहे?"

"अगदी खरं."

ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि आम्ही दोघी फोनकडे बघत राहिलो. पलीकडे तो लिहितोय असं दिसत होतं. लिहायचा, थांबायचा, पुन्हा लिहायचा. मला वाटलं, पोराला कळलं असावं. वारुणीलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने माझा हात धरला.

निरोप उमटला.

"खूप म्हणजे साधारण किती, मावशी? आगाऊ बुकिंग घेता येईल."